‘सुटका’ कशातून? एका नव्या कोशाभ्यासकास पत्र

प्रिय अभ्यासकमित्रास,

अनेक आशीर्वाद.

‘सुटका’ या शब्दावरचे तुझे टिपण मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुझ्या उत्साहाचे कौतुक वाटले आणि दुसऱ्या वाचनात काळजी वाटली. अर्थ म्हणून तू ‘मुक्ती, मोक्ष, बंधनातून मोकळे होणे’ एवढेच दिले आहेस, व्युत्पत्ती म्हणून ‘संस्कृत मुच् धातूचे अपभ्रष्ट रूप’ असे एका ओळीत उरकले आहेस, आणि त्यानंतरची दीड पाने मोक्षाच्या तत्त्वज्ञानाला दिली आहेस. म्हणजे ज्या शब्दाबद्दल लिहायचे तो दारातच उभा राहिला आणि त्याचा प्रतिष्ठित शेजारी आत येऊन बसला. मी कोशाच्या कामाला लागलो तेव्हा मीही असेच करीत असे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

ग्रहणापासून सुरुवात करू. पंचांगात ग्रहणाच्या वेळा पाहिल्यास तर त्या स्पर्श, मध्य आणि मोक्ष अशा नावांनी दिलेल्या असतात. ज्या क्षणी चंद्र किंवा सूर्य छायेतून पूर्णपणे बाहेर येतो त्या क्षणाला ज्योतिषी मोक्ष म्हणतो. त्याच क्षणाची वाट पाहत रस्त्याने जी आरोळी फिरत असे ती मात्र ‘दे दान, सुटे गिराण’ अशी होती. आकाशातील घटना एकच आहे, पण पंचांगकर्त्याने तिला ‘मोक्ष’ म्हटले आणि दान मागणाऱ्याने ‘सुटणे’ म्हटले. या दोन शब्दांत अर्थाचे नाते फार जवळचे आहे, जन्माचे नाते मात्र नाही, आणि तुझ्या टिपणातली पहिली चूक इथेच आहे.

‘सुटणे’ हा शब्द मुच् धातूपासून आलेला नाही. प्राकृतात ‘छुट्ट’ आणि ‘छोड’ अशी रूपे आहेत. हिंदीत त्यांचे ‘छूटना’ आणि ‘छोड़ना’ झाले, तर मराठीत ‘सुटणे’ आणि ‘सोडणे’. हिंदीतील ‘छ’च्या जागी मराठीत ‘स’ कसा, असे तू विचारशील. हा अपघात नाही, मराठीच्या घडणीतला तो एक नियम आहे. हिंदीत ‘छह’, मराठीत ‘सहा’. हिंदीत ‘छुरी’, मराठीत ‘सुरी’. झाडाची ‘छाल’ आपल्याकडे ‘साल’ होते, ‘पूछना’चे ‘पुसणे’ होते, ‘मछली’च्या घराण्यातला आपला शब्द ‘मासा’ आणि ‘बछड़ा’च्या घराण्यातले आपले ‘वासरू’. एवढी उदाहरणे एका रांगेत उभी राहिली की ‘छूटना’ आणि ‘सुटणे’ ही सख्खी भावंडे आहेत हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. नियमाला अपवाद असतात, जसे ‘छत्तीस’मध्ये ‘छ’ टिकला आहे आणि ‘बिच्छू’च्या समोर आपला ‘विंचू’ उभा आहे, पण अपवादांची नोंद नियम मान्य केल्यानंतरच करता येते.

मी तुझ्या वयाचा असताना ‘सुटका’ची व्युत्पत्ती ‘सूत्र’ या शब्दापासून लावली होती. सूत सुटते, धागा मोकळा होतो, म्हणून सुटका, असा माझा तर्क होता, आणि तो मला इतका देखणा वाटला होता की मी त्यावर तीन पाने लिहिली. माझ्या ज्येष्ठांनी ती वाचली, काहीही न बोलता एका कोऱ्या कागदावर वरच्यासारख्या शब्दांच्या जोड्या लिहिल्या आणि तो कागद माझ्यासमोर ठेवला. तीन पाने मी त्याच दिवशी फाडली. व्युत्पत्ती सुंदर आहे म्हणून ती खरी ठरत नाही, हे त्या दिवशी माझ्या मनात पक्के बसले आणि तुझ्याही मनात ते लवकर बसावे अशी माझी इच्छा आहे.

‘छुट्ट’ या प्राकृत रूपाच्या मागे संस्कृतातील एखाद्या सर्वपरिचित धातूला सरळ उभे करता येत नाही, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. तू ‘अपभ्रष्ट रूप’ असे लिहिलेस त्यामागे एक जुनी समजूत आहे, की प्रत्येक मराठी शब्द हा एखाद्या संस्कृत शब्दाची झिजलेली प्रत असला पाहिजे. ही समजूत तू सोडून दे. प्राकृत बोलणारी माणसे स्वतःच्या गरजेने शब्द घडवीत आणि वापरीत होती, आणि त्यांतला एक शब्द आज मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून कितीतरी वेळा येतो, याहून मोठी प्रतिष्ठा शब्दाला कोणती हवी?

आता या शब्दाचे व्याकरण पाहा, कारण माझ्या मते खरी संपत्ती तिथे आहे. मराठीत तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, फिटणे आणि फेडणे, फाटणे आणि फाडणे अशा जोड्या आहेत, आणि सुटणे व सोडणे ही त्याच पंक्तीतली जोडी आहे. ‘ट’ असलेले क्रियापद अकर्मक आहे, त्यात गोष्ट आपोआप घडते. ‘ड’ असलेले सकर्मक आहे, त्यात कोणीतरी ती घडवतो. या भेदाचे कारणही ध्वनींच्या इतिहासातच आहे. संस्कृत ‘त्रुट्यति’चे प्राकृतात ‘तुट्टइ’ झाले आणि जोडाक्षरामुळे तिथला ‘ट’ टिकून राहिला. ‘त्रोटयति’मधला एकटा ‘ट’ मात्र दोन स्वरांच्या मध्ये सापडून मऊ झाला आणि ‘तोडइ’ मिळाले. सुटणे आणि सोडणे याच वाटेने चालले आहेत.

‘सुटका’ हे नाम सुटणे या अकर्मक बाजूने तयार झाले आहे, आणि ‘सोडवणूक’ हे नाम सोडवणे या प्रयोजकाच्या बाजूने. म्हणून ‘सुटका झाली’ या वाक्यात फक्त सुटणारा दिसतो, सोडवणारा दिसेलच असे नाही; कैदी स्वतः भिंत ओलांडून गेला तरी त्याची सुटका झालीच. ‘सोडवणूक’ म्हटले की मात्र दुसरा माणूस वाक्यात उभा राहतो, मग त्याचे नाव लिहिलेले असो किंवा नसो. ‘ओलिसांची सुटका करण्यात आली’ असे आपण वृत्तपत्रात वाचतो तेव्हा ‘करणे’ हे क्रियापद जोडून त्या अकर्मक नामाला कर्ता पुरवावा लागलेला असतो. तुझ्या टिपणात हा भेद यायला हवा होता. त्याचबरोबर लिंगही यायला हवे होते: झटका, धक्का, ठसका हे पुल्लिंगी आहेत, तुटका आणि फुटका ही विशेषणे आहेत, आणि त्याच वळणाचा दिसणारा ‘सुटका’ हा शब्द मात्र स्त्रीलिंगी नाम आहे. एवढ्या लहान गोष्टी कोशात नसतील तर मराठी नव्याने शिकणाऱ्याने त्या कुठे शोधायच्या?

यानंतर अर्थांकडे ये. अर्थ लिहिण्याच्या आधी वापर गोळा कर, असे मी तुला मागेही सांगितले होते, आणि या शब्दाच्या बाबतीत ते विशेष खरे आहे. शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, घाम सुटतो, पोट सुटते, तोंडाला पाणी सुटते, गाठ सुटते, कोडे सुटते, गणित सुटते. हे सगळे वापर तुझ्या ‘बंधनातून मोकळे होणे’ या एका अर्थात बसतात का, ते स्वतःला विचारून पाहा. काही बसतील. शाळेची मुले, गाठीचा दोर आणि कोड्यात अडकलेली बुद्धी यांच्या बाबतीत बंधन दाखवता येते. वारा कुठे बांधलेला होता? इथे ‘सुटणे’चा अर्थ अडवणारे काही नसल्यामुळे वेगाने चालू होणे असा झाला आहे. तोच अर्थ ‘पळत सुटला’, ‘बोलत सुटला’ या संयुक्त क्रियापदांत आहे, आणि त्याच्या समोर सकर्मक बाजूने ‘हैराण करून सोडले’, ‘रडवून सोडले’ असे प्रयोग आहेत. हिंदीशी तुलना करताना इथे सावध राहा. हिंदी माणूस ‘गाड़ी छूट गई’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याची गाडी चुकलेली असते. मराठी माणसाची गाडी सुटते तेव्हा ती फक्त स्थानकातून निघालेली असते, आणि तो तिच्यात बसलेलाही असू शकतो.

एक वापर तू घेतलाच नाहीस आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रसूती नीट पार पडली की जुन्या पिढीच्या बायका ‘सुखरूप सुटका झाली’ असे म्हणत, किंवा ‘ती मोकळी झाली’ असे म्हणत. आणि ‘हातीपायी नीट सुटका होऊ दे’ ही गरोदर बाईसाठी केलेली प्रार्थना असे. त्याच बायका दीर्घ आजारात खितपत पडलेले माणूस गेले की ‘सुटला बिचारा’ असे म्हणत. एक शब्द जन्माच्या खोलीत आहे आणि मरणाच्या खोलीतही आहे. या दोन ठिकाणी तो ज्यांनी वापरला त्यांनी मोक्षावरचा एकही ग्रंथ वाचलेला नव्हता, पण वेदनेतून पार होणे म्हणजे काय हे त्यांना नेमके माहीत होते. तुझ्या दीड पानाच्या तत्त्वज्ञानाच्या जागी हे दोन वापर उदाहरणांसह लिहिलेस तर नोंद कितीतरी समृद्ध होईल.

मुच् धातूचा त्याग कर असे माझे म्हणणे नाही. त्याला त्याच्या जागी ठेव, कारण त्याचाही संसार मोठा आहे आणि तोही तू वरच्या मजल्यावरूनच पाहिला आहेस. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, मुच् धातूचा अर्थ ‘मोक्षणे’, म्हणजे सोडणे, असा दिला आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील चोविसाव्या सूक्तात तीन खांबांना बांधलेल्या शुनःशेपाची आठवण येते आणि तिथे ‘राजा वरुणो मुमोक्तु’, म्हणजे राजा वरुण आम्हांला सोडवो, अशी प्रार्थना आहे. इथले बंधन हे खरेखुरे पाश आहे. अध्यात्माच्या आधी दोर होता, हे ध्यानात ठेव. संस्कृतात पुढेही हा धातू साध्या कामांत राबत राहिला. धनुष्यावरून बाण सोडणे म्हणजे बाणमोक्ष, आयुर्वेदात दूषित रक्त काढणे म्हणजे रक्तमोक्षण, सापाने टाकलेली कात म्हणजे निर्मोक. मोक्ष हा शब्द धर्म, अर्थ आणि काम या त्रिवर्गाच्या पुढे चौथा पुरुषार्थ म्हणून बसला तो नंतर, आणि त्या आसनावर बसल्यावर त्याचे हे कष्टकरी रूप आपण विसरून गेलो.

मराठीत या धातूची जी लेकरे घरात वावरतात ती तुला ओळखू आली नाहीत, कारण त्यांनी संस्कृत वेष टाकलेला आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘मुक्त’ या शब्दाचे विकल्पाने ‘मुक्क’ असे रूप होते म्हणून सांगितले आहे. त्या ‘मुक्क’च्या घराण्यात आपला ‘मोकळा’ आहे, ‘मोकळीक’ आहे, आणि जुन्या मराठीतला ‘मोकलणे’ हा शब्दही आहे, जो आज एकटा कुठे भेटत नाही, फक्त ‘धाय मोकलून रडणे’ या वाक्प्रचारात जिवंत राहिला आहे. गुजराती माणूस मात्र ‘मोकलवुं’ हे क्रियापद ‘पाठवणे’ या अर्थाने आजही रोज वापरतो.

याच घराण्यात ‘मुकणे’ हा शब्द आहे, आणि माझ्या पत्रातला मुख्य मुद्दा मी त्याच्यासाठी राखून ठेवला होता. ‘तो प्राणाला मुकला’, ‘ती शिक्षणाला मुकली’ असे आपण म्हणतो. मुक्ती आणि मुकणे एकाच मुळाचे आहेत. जे नको होते त्यापासून वेगळे झालो की ती मुक्ती, आणि जे हवे होते त्यापासून वेगळे झालो की ते मुकणे. धातूला हा फरक कळत नाही. तो फक्त दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या झाल्या एवढेच सांगतो. ती सुटका की हानी हे कशातून सुटलो त्यावरून ठरते. सुटणे या शब्दाचेही असेच आहे: फास सुटला तर सुटका, पण धीर सुटला, भान सुटले किंवा ताबा सुटला तर हानी.

हे ऋग्वेदाच्या ऋषीला स्वच्छ दिसले होते. सातव्या मंडलातील जो मंत्र आपण महामृत्युंजय म्हणून ओळखतो त्याचा उत्तरार्ध ‘उर्वारुकमिव बन्धनान्मृत्योर्मुक्षीय मामृतात्’ असा आहे. काकडीच्या जातीचे पिकलेले फळ जसे देठाच्या बंधनातून सुटते तसा मी मृत्यूपासून सुटावे, अमृतापासून नव्हे. ‘मुक्षीय’ हे मुच् धातूचे रूप आहे आणि ते प्रथमपुरुषी आहे. या ओळीतील ‘मा अमृतात्’ हे शेवटचे शब्द लोक घाईघाईने म्हणून टाकतात, पण अर्थाच्या दृष्टीने मला तेच अत्यंत महत्त्वाचे वाटतात. सुटण्याची प्रार्थना करताना ऋषी लगेच हद्द आखतो: मृत्यूपासून मुक्त कर, अमृताला मात्र मुकू देऊ नकोस. मुक्ती आणि मुकणे यांतला जो भेद मराठीने पुढे दोन शब्दांत वाटून टाकला तो इथे एकाच क्रियापदाला दोन पंचम्या, म्हणजे ‘पासून’ हा अर्थ दाखवणारी दोन रूपे, जोडून दाखवला आहे.

म्हणून सुटकेच्या अर्थाचा कोणताही शब्द हाती आला की आधी पंचमी शोध. कशातून? कशापासून? कोणाच्या हातून? ज्या वाक्यात हे उत्तर मिळत नाही ते वाक्य उदाहरण म्हणून घेऊ नकोस, कारण त्यातला शब्द अर्थावाचून फक्त नाद करीत असतो. ‘मुक्तीचा आनंद’ असे तू लिहिले आहेस. कशापासूनची मुक्ती ते तुझ्या संपूर्ण परिच्छेदात नाही.

संतांच्या वाङ्मयातून तू दोन ओळी घेतल्या आहेस त्या ठेव, पण त्या एकमेकींसमोर ठेव. ज्ञानदेवांच्या हरिपाठात देवाच्या दारी क्षणभर उभे राहिल्याने ‘मुक्ति चारी’ साधतात असे म्हटले आहे. त्या चार म्हणजे सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. तुकोबा मात्र ‘न लगे मुक्ति धनसंपदा’ म्हणून मुक्तीला संपत्तीच्या शेजारी बसवतात आणि दोन्ही नाकारून संतसंग मागतात. एकाच परंपरेत हा शब्द मिळवण्याची गोष्टही आहे आणि नाकारण्याची गोष्टही आहे. कोशाने हे दोन्ही दाखवावे, त्यांत निवड करणे हे कोशाचे काम नाही.

संकटातून वाचवणे आणि संसारातून सोडवणे हे दोन्ही अर्थ एका कथेत पाहायचे असतील तर भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्ष पुन्हा वाच. सरोवरात उतरलेल्या हत्तीचा पाय मगरीने धरला आहे, त्याचे बळ संपत चालले आहे आणि तो धावा करतो. देव येऊन त्याला पाण्याबाहेर काढतो, ही झाली जिवाची सुटका. त्यानंतर गजेंद्राला देवाचे स्वरूप मिळते, हा झाला मोक्ष. बहुतेक लोक कथा इथेच थांबवतात. भागवत पुढे सांगते की ती मगर म्हणजे देवलाच्या शापाने त्या योनीत पडलेला हूहू नावाचा गंधर्व होता आणि त्या क्षणी तोही शापातून सुटला. धरलेला सुटला आणि धरणाराही सुटला. गजेंद्राचे नाव शीर्षकात आले म्हणून मगरीची सुटका विसरू नये, असे मला ही कथा आठवली की दर वेळी वाटते.

शेजारच्या शब्दांची तू केलेली यादी लांब आहे, पण सगळ्यांना ‘समानार्थी’ म्हटल्यामुळे ती निरुपयोगी झाली आहे. यांतल्या प्रत्येक शब्दामागे एक चित्र आहे आणि चित्रे वेगवेगळी आहेत. सुटका आणि मुक्ती यांच्या मागे गाठ आहे. तारणे, तारक, तारू आणि तीर्थ यांच्या मागे पाणी आहे, कारण तॄ धातू म्हणजे पोहून किंवा तरून पलीकडे जाणे. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याचा उतार, आणि जैन परंपरेतला तीर्थंकर म्हणजे तो उतार तयार करणारा. याच ‘तारण’ शब्दाने मराठीत कर्जासाठी गहाण ठेवलेल्या वस्तूचा अर्थ घेतला आणि ‘विनातारण कर्ज’ हा शब्दप्रयोग आज सर्वांना परिचित आहे: ऋणको बुडाला तर सावकाराला जे तारील ते तारण. ‘त्राण’च्या मागे ढाल आहे, म्हणून शिरस्त्राण आणि पादत्राण, पण मराठीत ‘अंगात त्राण उरले नाही’ म्हणताना रक्षण हा अर्थ मागे पडून शक्ती हा अर्थ पुढे आला आहे. ‘वाचणे’ हा शब्द हिंदीच्या ‘बचना’चा भाऊ आहे आणि पुस्तक वाचण्याशी त्याचे उच्चारापलीकडे नाते नाही, उलट ‘बचाव’ आणि ‘बचावणे’ हे आपण हिंदीकडून उसने घेतले आणि मग दोन्ही ठेवले. अरबी ‘खलास’ म्हणजे मुळात सुटका, आपल्याकडे तो संपणे आणि मरणे या अर्थांवर येऊन थांबला. ‘फारकत’ आधी देण्याघेण्यातून मोकळे केल्याचा कागद होती, आता ती नाते तोडण्याची कृती आहे.

‘उद्धार’ या शब्दापाशी थोडे थांब, कारण तिथे शब्दाची निवड ही माणसांच्या आयुष्याशी जोडलेली आहे. उद्धार म्हणजे वर उचलून काढणे. त्यामागचे चित्र खड्ड्याचे आहे. खड्ड्यात एक जण आहे, काठावर दुसरा आहे, आणि बळ काठावरच्याच्या हातात आहे. गीतेने ‘उद्धरेदात्मनात्मानम्’ म्हणून दोघांना एकच केले, पण व्यवहारात शब्द तसा चालला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात ‘अस्पृश्योद्धार’ हा शब्द रूढ झाला आणि अनेक प्रामाणिक माणसांनी तो सद्‌भावनेने वापरला. मे १९३६ मध्ये मुंबईत धर्मांतराच्या प्रश्नावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले ते ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने ओळखले जाते, आणि त्या नावात उद्धार नाही, मुक्ती आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन शब्दांतले अंतर म्हणजेच त्या काळच्या दोन भूमिकांतले अंतर आहे. उद्धार म्हटले की उचलणाऱ्याचे उपकार आले. मुक्ती म्हटले की बांधणाऱ्याची जबाबदारी आली आणि बांधलेल्याचा हक्क आला. आणि बोलीत ‘त्याने माझ्या बापाचा उद्धार केला’ म्हणजे शिव्या दिल्या, हा अर्थ कोशात दिल्यावाचून राहू नकोस.

राजकीय भाषेतही ‘मुक्ती’ची जागा ठरलेली आहे आणि तीही नोंदव. भारताच्या संदर्भात १९४७ साली जे मिळाले त्याला आपण ‘स्वातंत्र्य’ म्हणतो. मात्र १७ सप्टेंबर हा दिवस १९४८ मधील हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाची आठवण म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन या नावाने पाळला जातो, आणि १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली तो १९ डिसेंबर हा गोवा मुक्ती दिन आहे. देश स्वतंत्र झाल्यावरही जो भाग दुसऱ्याच्या हाती राहिला होता तो सुटला, ही भावना या निवडीत आहे. वृत्तपत्रांच्या भाषेत न्यायालय आरोपीची ‘निर्दोष मुक्तता’ करते आणि जामिनावर मात्र त्याची ‘सुटका’ होते. हा भेद कोणी ठरवून केलेला नसेल, पण तो अर्थपूर्ण आहे: जामिनावर सुटलेल्याच्या मागे खटला अजून उभा असतो.

पुस्तकाच्या प्रकाशनाला ‘विमोचन’ म्हणण्याची रीत अलीकडे मराठीत शिरते आहे, ती मला रुचत नाही. हिंदीत ती रुळली आहे आणि तिथे ती शोभते. आपल्याकडे ‘प्रकाशन’ हा जुना, नेमका शब्द असताना पुस्तक कोणत्या बंधनातून सोडवायचे होते? तरीही वापर दिसतो म्हणून नोंद कर आणि नोंदीत माझी नापसंती लिहू नकोस.

निरुक्ती, म्हणजे अर्थ उलगडण्यासाठी केलेली शब्दाची फोड, आणि व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाच्या घडणीचा इतिहास, यांची सरमिसळ तू एका ठिकाणी केली आहेस. ‘पुत्’ नावाच्या नरकापासून तारतो तो पुत्र, हे यास्काच्या निरुक्तात एक पर्याय म्हणून आले आहे आणि मनुस्मृतीतही आहे. क्षतापासून त्राण करतो तो क्षत्र, असे कालिदासाने रघुवंशात म्हटले आहे. ही विधाने त्या काळच्या माणसांना शब्दांत काय दिसत होते याचा उत्तम पुरावा आहेत आणि त्या नात्याने ती जरूर द्यावीत. शब्द प्रत्यक्षात कसा घडला याचा पुरावा म्हणून ती देऊ नयेत. दोन्हींसाठी नोंदीत वेगळ्या जागा ठेव.

आता पुढच्या कामाचे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते आणि कर्वे यांचा १९३२ पासून १९३८ पर्यंत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश, हे तिन्ही समोर उघडे ठेवून ‘सुट’, ‘सोड’, ‘मुक’ आणि ‘मोक’ यांनी सुरू होणारी प्रत्येक नोंद हाताने उतरवून घे. उतरवताना जो अर्थ आज तुझ्या कानावर येत नाही त्याच्यापुढे खूण कर, आणि जो अर्थ कानावर येतो पण तिन्ही कोशांत नाही तो वेगळ्या चिठ्ठीवर लिही. ‘सुटी’ आणि ‘सुट्टी’ यांना एकच नोंद द्यायची की दोन, ‘सूट’ हा शब्द त्यांच्याबरोबर बसवायचा की वेगळा, आणि ‘सुटसुटीत’ कुठे घालायचा, याचा निर्णय चिठ्ठ्या जमल्यावर तू स्वतः घे व कारणांसह मला कळव. मोक्षावरची दीड पाने फाडू नकोस. ती ‘मोक्ष’ या नोंदीच्या वेळी उपयोगी पडतील आणि तेव्हा मी ती पुन्हा वाचीन. घरातल्या किंवा ओळखीच्या वयस्क बायकांना प्रसूतीच्या संदर्भातले शब्द विचारायला मात्र उशीर करू नकोस. ते कोणत्याही छापील पुस्तकात पुरेसे सापडणार नाहीत, आणि ज्यांना ते येतात त्यांचे वय झाले आहे.

तुझा,
एक जुना कोशकार